शेवटची जोडी

धामणगड पाहायला आलेला माणूस आधी एकच विचारायचा, राजधानी कुठे आहे? तोवर कौतिक आबा वीसेक पावलं पुढे गेलेले असत. तिथूनच मान वळवून ते सांगत, "बाजारपेठेत उभे आहात तुम्ही. जरा बाजूला व्हा, भुईमूग तुडवाल."

धुळ्याहून बसने अडीच तास, मग पायी मैलभर. तापीच्या काठावरचं दीडशे घरांचं गाव. तीनशे वर्षं ते एका लहानशा राज्याची राजधानी होतं, हे गावातल्या दीडशेपैकी दीडशे घरांना माहीत होतं आणि त्यातल्या एकालाही त्याचं काही पडलेलं नव्हतं. हत्तीखान्यात गावातल्या म्हशी बांधलेल्या असत. राजवाड्याच्या टेकाडावरची पांढरी माती लोक घरं सारवायला नेत. कारंज्याचा दगडी हौद धोब्याच्या उपयोगी पडला होता.

कुठे काय होतं हे आबांना ठाऊक झालं ते योगायोगाने. ते विशीत असताना जुन्या इमारती मोजायला एक सरकारी अधिकारी गावात आला होता. फितीचं दुसरं टोक धरायला त्याला माणूस हवा होता. आबांनी ते टोक एकोणीस दिवस धरलं. अधिकारी मोजायचा, लिहायचा आणि लिहिताना स्वतःशी बोलायचा. तो गेला, त्याचं लिखाण कुठे गेलं कोणास ठाऊक, पण त्याचं बोलणं आबांच्या डोक्यात राहिलं. पुढे कोणी पाहुणा आला, शाळेची सहल आली, की लोक त्यांना कापसाच्या शेतातून बोलावून आणत. ते तसेच येत, धोतराला चिकटलेली सरकी झटकत, आणि चालू लागत.

ते चालत फार भरभर. आधी नदीच्या पायऱ्या, मग टेकाड, मग हत्तीखाना, मग बारव, आणि शेवटी वेस. पाहुणे धापा टाकत. एका मास्तरांनी एकदा म्हटलंही, आबा, राजा इतक्या घाईने हिंडत असेल काय? आबा म्हणाले, राजाला कुठे जायचं होतं, तो तर घरीच होता. पण ते थांबले नाहीत. बसलेल्या माणसांत त्यांना चहासुद्धा पुरा पिता येत नसे. अर्धा कप झाला की ते उठत, ओट्यावरून खाली उतरत, पुन्हा चढत. त्यांच्या बायकोने, भिकुबाईने, त्यांना कप द्यायचं सोडून पेला द्यायला सुरुवात केली होती, म्हणजे हातात घेऊन फिरता येईल.

वेशीपाशी मात्र त्यांचं बोलणं आखडायचं. दोन बुरूज, मधे उंच कमान. दाराच्या फळ्या गेल्या त्याला सव्वाशे वर्षं होऊन गेली होती. त्या जिच्यात फिरत ती दगडातली गोल खाच तेवढी दोन्ही बाजूंना राहिली होती. आबा तिथे चार वाक्यं बोलत. इंग्रजांची पलटण नदी उतरून आली. गाव तीन दिवस लढलं. चौथ्या दिवशी पहाटे कोणीतरी आतून दिंडीची, म्हणजे मोठ्या दारातल्या छोट्या दाराची, कडी काढली. राज्य गेलं. एवढं सांगून ते बसची वेळ झाल्याचं सांगत.

सन अठ्ठावन्नच्या डिसेंबरात धुळ्यातल्या देवपूरच्या एका कन्याशाळेची सहल आली. बरोबर इतिहास शिकवणाऱ्या सुनंदाबाई होत्या. तिशीच्या, चष्मा लावणाऱ्या, आणि आबांच्या चालीने चालू शकणाऱ्या पहिल्याच पाहुण्या. वेशीपाशी आबांनी चार वाक्यं सांगून संपवली, तर एका मुलीने विचारलं, ज्याने कडी काढली त्याचं पुढे काय झालं?

"त्याचं घर आहे ना गावात," आबा म्हणाले. "पोळ्याला त्याची जोडी सगळ्यांच्या मागे असते."

"अजून?"

"अजून."

कोणाचं घर, हे मुलीने विचारलं तेव्हा आबा रस्त्याला लागले होते.

घर त्यांचंच होतं. गावात त्याला कडीकाढ्याचं घर म्हणत.

पोळ्याच्या दिवशी धामणगडात गावचे सगळे बैल वेशीबाहेरच्या माळावर जमत. कमानीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं असे. पहिली जोडी पाटलांची, ती तोरण तोडून आत जाई. मग ज्याच्या त्याच्या मानाप्रमाणे एकेक. अडतीस जोड्या होत्या. अडतिसावी आबांची. त्यांची पाळी येईपर्यंत तोरणाचा धागासुद्धा उरलेला नसे, वाजंत्रीवाले पाटलांच्या दारी गेलेले असत, बायका ओवाळून घरी पुरण वाटायला परतलेल्या असत. रिकाम्या वेशीतून आबा बैलांना आत आणत. त्यांच्यापुढे सदतिसावा नंबर चुडामणचा. तो आत जाता जाता दर वर्षी मागे वळून म्हणायचा, "आबा, येतांना कडी लाई या." येताना कडी लावून या, दर वर्षी तेच, आणि दर वर्षी आजूबाजूचे हसायचे, जणू पहिल्यांदाच ऐकलं.

आबांचे वडील हे मुकाट्याने सोसत गेले. आबांना ते जमलं नाही. फितीचं टोक धरलं त्या एकोणीस दिवसांत त्यांना एक गोष्ट कळली होती, की जुन्या गोष्टी कुठेतरी लिहिलेल्या असतात. म्हणजे कडी कोणी काढली हेही लिहिलेलं असणार. ते पाहुण्यांना राजधानी दाखवत, ते खरं तर त्यासाठी. दहातला एखादा पाहुणा शिकलेला वाटला की त्याला बाजूला घेऊन विचारत, असे कागद कुठे असतात? पाहुणे म्हणत, पुण्याला असतील. मुंबईला असतील. विलायतेला असतील. कोणी पत्ता लिहून घेई. उत्तर कधी आलं नाही.

सुनंदाबाईंना त्यांनी विचारलंच नाही. बाईमाणसाला काय विचारायचं, असं त्यांना वाटलं असावं. पण मुली ओट्यावर गुळाचा चहा पीत असताना आबांचा मुलगा पुना सहज बोलून गेला, की आमचीच जोडी ती. बाईंनी वहीत दोन ओळी लिहिल्या. त्यांचे वडील कुलकर्णीपण केलेले, लहानपणी त्यांनीच बाईंना मोडी वाचायला शिकवली होती. हे त्यांनी सांगितलं नाही, आणि आबा तोवर पेला घेऊन अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेले होते.

पुढच्या वर्षी गावात नवी ग्रामपंचायत आली. निवडणूक झाली, तोताराम नाना सरपंच झाले. पाटलांच्या ओट्याऐवजी शाळेच्या खोलीत सतरंजीवर सभा भरू लागली. आबांना वाटलं, कागद काही सापडत नाही, पण ही वाट उघडी आहे. त्यांनी पुनाकडून अर्ज लिहून घेतला: स्वराज्यात सर्व सारखे, सबब पोळ्याचा क्रम दर वर्षी चिठ्ठ्या टाकून ठरवावा. अर्जावर विचार व्हायला पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांत आबा तोताराम नानांच्या दारावरून दिवसातून तीनदा जात. एकदा नाना वैतागून म्हणाले, बैलाला काय कळतं आबा, पुढे कोण न मागे कोण? आबा म्हणाले, बैलाला कळत नाही हे खरंच आहे, पण दोर धरणारा मी असतो.

पाटलांची जोडी पहिलीच राहील, बाकी सदतीस चिठ्ठ्यांवर, असा ठराव झाला. पोळ्याच्या चार दिवस आधी शाळेच्या गुरुजींनी घागरीतून चिठ्ठ्या काढल्या. कौतिक आबा तीन नंबर. चुडामण अडतीस.

भिकुबाई त्या दिवशी जे घरातून निघाली ते थेट दुकानात. रंग आणला, बेगड आणली, गोंडे आणले. लग्न होऊन ती या घरात आली त्याच वर्षीच्या पोळ्याची गोष्ट. नवी नवरी म्हणून नटून ताट घेऊन ती वेशीत उभी राहिली होती, आणि एकेक बाई ओवाळून जात राहिली, शेवटी ती एकटी उरली. वाऱ्याने दिवा विझला होता आणि तो पेटवायला काडीपेटी मागावी असं कोणीही तिथे नव्हतं. त्याला एकोणतीस वर्षं झाली होती. हे तिने कोणाला कधी सांगितलं नव्हतं. यंदा मात्र ती शेजारणीला म्हणाली, तोरणाची पानं अजून लोंबत असतील तेव्हा आमची जोडी जाईल.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना तूप-हळद चोळायची. आबा गोठ्यात तेच करत होते, तेव्हा पोस्टमन आला. पाकीट धुळ्याचं होतं. हात हळदीचे, म्हणून पुनाने फोडलं, पण आबांनी त्याच्याकडून ओढून घेतलं आणि पिवळ्या बोटांनी धरून स्वतःच वाचलं. चौथीपर्यंत शाळा झाली होती. त्यांना वेळ लागला.

सुनंदाबाईंनी लिहिलं होतं, की धुळ्यात एका घरी धामणगडच्या जुन्या कारभाऱ्यांचं दप्तर निघालं. रविवारी रविवारी जाऊन मी ते वाचते आहे. गावच्या मानपानाची एक यादी त्यात मिळाली. तुमच्या कामाचा भाग उतरवून पाठवते. खाली वेगळ्या, टपोऱ्या अक्षरात होतं:

पोळियाचे दिवशी गावचे बैल वेशीत येतील. दरवाजेकरी याची जोडी सर्वांमागे. मागे ढोर अथवा माणूस राहिले नाही ऐसे पाहोन मग दरवाजा लावावा. याचे आधी लावू नये. हा त्याचा मान, वंशपरंपरेने चालवावा.

त्याखाली बाईंनी लिहिलं होतं: या यादीवर साल आहे. इंग्रज आले त्याच्या चोपन्न वर्षं आधीचं. म्हणजे दार राखणाऱ्या तुमच्या घराची जोडी दिंडी उघडण्याच्या कितीतरी आधीपासून शेवटी आहे, आणि ती शिक्षा नव्हे. दार गेलं, लावायला काही उरलं नाही, नुसती शेवटची जागा उरली. मग लोकांनी तिचं कारण शोधलं असावं. दिंडी कोणी उघडली, ते मात्र मला कुठे सापडलेलं नाही. ते मी खोटं सांगणार नाही.

आबांनी पत्र तीनदा वाचलं. मग ते गोठ्यातून बाहेर आले, पुन्हा आत गेले. एका बैलाचा खांदा चोळून झाला होता, दुसऱ्याचा राहिला होता. तो तसाच ठेवून ते तोताराम नानांकडे निघाले.

नानांनी कागद वाचला, मागून पुढून पाहिला. शिक्का कुठे आहे, विचारलं. आबांनी सांगितलं, ही नक्कल आहे, बाईंच्या अक्षरातली. नानांनी कागद गुडघ्यावर ठेवला. मग म्हणाले, "आबा, पाच महिने तुम्ही मला शेवटून काढा म्हणून झोपू दिलं नाही. आता शेवटीच ठेवा म्हणता. पंचायतीचा ठराव आहे. मी उद्या काय सांगू लोकांना?"

आबांनी कागद परत घेतला. अर्ज त्यांचाच होता, त्याच्यावर अंगठा नव्हे, सही होती. ते परत फिरले, पण घरी न जाता वेशीपर्यंत गेले, तिथून नदीच्या पायऱ्यांपर्यंत, तिथून टेकाडावर. पाहुणे नसताना ते पहिल्यांदाच सगळी राजधानी फिरले. बारवेपाशी त्यांना आठवलं, की चुडामण दर वर्षी जे म्हणायचा ते जवळजवळ त्या कागदातलंच होतं. त्याला माहीत नव्हतं, ऐकणाऱ्यांना माहीत नव्हतं, आणि ज्याला ते सांगितलेलं होतं तो मान खाली घालून आत येत होता. आणि आता बरोबर याच वर्षी ते काम त्यांनी आपल्या हाताने दुसऱ्याकडे दिलं होतं.

घरी भिकुबाई दुसऱ्या बैलाचा खांदा चोळत होती. त्यांनी तिला पत्र वाचून दाखवलं. ती चोळत राहिली.

"उद्या मागे उभं राहावं म्हणतो," आबा म्हणाले. "चुडामणला देतो आपला नंबर. तो नको म्हणणार नाही."

भिकुबाईने हात थांबवला. "कागद म्हनस मान शे," ती म्हणाली. "पन हासनारासनी कागद वाचेल व्हता का?"

आबांनी पत्राची घडी घातली.

"एकोनतीस वरीस मी ताट लीसन उभी ऱ्हायनू. तुमना मान तुमले आज सापडना. मन्हा मान कोठे शे?"

तिने तांब्यातलं पाणी हातावर घेतलं, हळद धुतली आणि आत गेली. पुढे त्या दिवशी दोघांत या विषयावर बोलणं झालं नाही. आबा मात्र अंगणात चालत राहिले. पुना एकदा बाहेर येऊन म्हणाला, बसा ना जरा. ते बसले आणि लगेच उठले.

दुसऱ्या दिवशी दुपारून बैल माळावर निघाले. शिंगांना हिंगूळ, पाठीवर झुली, कपाळावर बेगडीची बाशिंगं. आभाळ भरलेलं, पण पाऊस नव्हता. अडतीस जोड्या उभ्या करताना नेहमीपेक्षा दुप्पट वेळ गेला, कारण आपली जागा कोणालाच पाठ नव्हती. आबांची जोडी पाटलांच्या जोडीपासून हाकेवर. इथून तोरण दिसतं, हे आबांना इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं. कमानीच्या आत, पहिल्याच रांगेत, भिकुबाई ताट घेऊन उभी होती. हिरवं लुगडं नेसली होती. ती आबांकडे पाहत नव्हती. बैलांकडे पाहत होती.

हलगी वाजायला लागली. आबांनी कासरा पुनाच्या हातात दिला.

"कुठे जाता?" पुनाने विचारलं. "लगेच नंबर येईल."

"तू ने," आबा म्हणाले. "आईसमोर दोन घटका थांब. घाई नको करू."

हे घाई न करण्याचं त्यांनी जन्मात पहिल्यांदाच कोणाला सांगितलं असेल. ते रांगेच्या कडेकडेने उलटे चालत गेले. सगळ्यांच्या मागे चुडामण उभा होता. त्याने या वर्षी झूलसुद्धा घातली नव्हती, नुसता गेरू फासला होता. तोंड फिरवून तो शेतांकडे पाहत होता. आबांनी त्याला सांगायला सुरुवात केली, कागदाचं, बाईंचं, सालाचं. म्हणाले, शेवटची जागा मोठ्या मानाची आहे, आज ती तुझ्याकडे आहे, तर नीट सांभाळ. मागे कोणी राहिलं नाही हे पाहून मग आत जा.

चुडामणने पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

"तुन्हा नंबर तिसरा उना, आन् माले शेवटला मान सांगस?" तो म्हणाला. "मी इतला येडा नही, आबा. जाय, पुढे जाय. तठे तुन्ही वाट देखी ऱ्हायनात."

बाजूचे दोघे-तिघे हसले. पण यंदा ते चुडामणला हसले की आबांना, हे हसणाऱ्यांनाही नीट कळलं नसावं. एवढ्यात पुढून ओरडा आला. पाटलांच्या जोडीने तोरण तोडलं होतं. मग दुसरी जोडी गेली. मग तिसरी. एवढ्या लांबून आबांना फक्त शिंगांचे गोंडे दिसले, कमानीखाली थांबलेले. ते बराच वेळ तिथेच होते. हलगी चालू होती. मागच्या कोणीतरी चला, चला म्हटलं. मग गोंडे आत गेले. भिकुबाईचा चेहरा आबांना दिसला नाही.

ते पुढे गेले नाहीत. चुडामणच्या बैलांच्या मागे, हात रिकामे, उभे राहिले. चुडामणने दोनदा वळून पाहिलं, मग सोडून दिलं. रांग सरकत राहिली. पंचविसाव्या जोडीनंतर वाजंत्री थांबली. तिसाव्यानंतर कमानीत बायका उरल्या नव्हत्या. सगळं नेहमीसारखंच होत होतं, आणि आबा ते पहिल्यांदाच पाहत होते, कारण दर वर्षी या वेळी त्यांची नजर जमिनीवर असायची.

चुडामण आपली जोडी ओढत आत गेला. तोही मान खाली घालून.

वेशीत आबा एकटे राहिले. त्यांनी आत पाऊल टाकलं, मग वळले. माळ तुडवलेला, शेणाने भरलेला. पलीकडे ज्वारीची शेतं, मधून गाडीवाट. कोणी नव्हतं. ते फिरणार तोच दूर, नदीकडच्या बांधावर काहीतरी हललं. गवताचा भारा होता. भाऱ्याखाली बेबाबाई होती, सत्तरीची, एकटीच राहणारी. पोळ्याच्या दिवशीही शेळीला गवत लागतंच. ती दहा पावलं चाले आणि थांबे, पुन्हा दहा पावलं चाले.

आतून पुनाने हाक मारली, की आई वाढायला थांबली आहे. आबांनी हात वर करून त्याला जायला सांगितलं. त्यांच्या पायांनी सवयीने येरझारा सुरू केल्या, या बुरुजापासून त्या बुरुजापर्यंत. मग त्या कमी झाल्या, आणि ते एका जागी उभे राहिले. बेबाबाईला यायला वेळ लागला. चांगलाच लागला.

भारा कमानीत आला तेव्हा ती दमून गेली होती. मान वर करायची सोय नव्हती. तिला समोर नुसती माणसाची पावलं दिसली.

"वाट आडायीसन काब्र उभा शे रे?" ती म्हणाली. "सरक तिकडे."

आबा बाजूला झाले. ती आत गेल्यावर मग ते गेले.